ज्युलियस रुमावला राग आणायचे आठ दिवस

ज्युलियस रुमावला राग येत नसे. येत असेल आणि तो गिळत असेल, असंही नव्हतं. गिळायला मुळात काहीतरी तोंडापर्यंत यावं लागतं. वसईजवळच्या भुईगावात, लग्नाच्या मांडवामागे, त्याच्या आत्याने त्याला रांधायला शिकवलं. ती दिवसभर त्याच्यावर खेकसत असे आणि तो त्या खेकसण्यातून मसाल्याचं प्रमाण तेवढं वेचून घेत असे. चोविसाव्या वर्षी तो ओमानला आला. पहिली दोन वर्षं सूरला, एका कंपनीच्या कॅम्पात, चारशे माणसांचा स्वयंपाक करण्यात गेली. मग तो रुवीतल्या एका हॉटेलात लागला आणि तिथेच त्याला तीस वर्षं झाली.

त्या तीस वर्षांतली एक गोष्ट किचनमध्ये नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. एका पाहुण्याने बिर्याणीची अख्खी प्लेट ज्युलियसच्या अंगावर फेकली होती. ज्युलियसने ॲप्रनवरचं एक शीत उचललं, दाताखाली दाबून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे साहेब. दोन मिनिटं कमी शिजलंय." आणि नवीन प्लेट आणायला आत गेला. पाहुणाच मग ओशाळून टेबलाखाली सांडलेला भात गोळा करू लागला.

ज्युलियसची कामाची पद्धत ठरलेली होती. कुठल्याही पातेल्यात अर्धं मीठ त्याचा मदतनीस मुनीर घालायचा. मुनीर चितगावचा, पंचेचाळिशीतला, तीन मुलींचा बाप आणि फार हळवा माणूस. मग ज्युलियस डाव्या तळहाताच्या खळग्यात एक थेंब घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, वर धुराड्याकडे बघायचा आणि उरलेलं मीठ स्वतःच्या हाताने घालायचा. त्यानंतर तो दोनच शब्द बोलायचा, "जाऊ दे." ते ऐकल्याशिवाय त्या किचनमधून तीस वर्षांत एक वाटी रस्सा बाहेर गेलेला नव्हता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी पावणेबारा वाजता, ज्युलियसने मटणाच्या रश्शाचा थेंब तळहातावर घेतला, जिभेवर ठेवला, आणि त्याला फक्त गरम लागलं. त्याने लिंबू चाखलं, ते ओलं लागलं. व्हिनेगर, तेही ओलं. हिरवी मिरची चावली तर डोळ्यांना पाणी आलं, पण तोंडात मिरची नव्हती.

दोन आठवडे तपासण्या झाल्या. नाक, घसा, रक्त, डोक्याचा स्कॅन. सगळं उत्तम निघालं. इतकं उत्तम, की डॉक्टरांनी त्याच्या डोक्याचा फोटो शिकाऊ डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवला. इकडे किचनमध्ये ज्युलियस पूर्वीसारखाच थेंब घेई, धुराड्याकडे बघे, आणि त्याच्या मागे उभा राहून मुनीर चोरून चाखे. मीठ बरोबर झालं की मुनीर खोकायचा. खोकला ऐकला की ज्युलियस म्हणायचा, "जाऊ दे."

पण ज्युलियसला ते सोसेना. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्याने बायकोला, फ्लोराला, सांगून टाकलं. इब्रा गावच्या सालिम बिन नासर यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. सातशे पानं. जेवण पसंत करायला त्यांची चाखणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी, सकाळी साडेदहाला ठरली होती.

"त्या दिवशी चव लागली तर ठीक," तो म्हणाला. "नाही लागली तर ॲप्रन धुऊन, इस्त्री करून परत देणार. दुसऱ्याच्या जिभेवर रांधायचं नाही."

"आणि मग?"

"मग काय. भुईगाव."

फ्लोराने यावर काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला, ती त्याला दार्सैतच्या त्यांच्या घरातून टॅक्सीत घालून रुवीला चिनी वैद्यक करणाऱ्या डॉक्टर लियांगबाईंकडे घेऊन गेली.

लियांगबाई साठीच्या होत्या. कापडाच्या एका दुकानावर त्यांचा दवाखाना होता आणि अकरा वर्षांत त्या खालच्या दुकानदाराकडून हिंदी शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांची हिंदी भरधाव होती आणि अधूनमधून मीटर, वार आणि अस्तर असे शब्द त्यात येत. एका भिंतीला लहान-लहान खणांचं कपाट होतं. दुसऱ्या भिंतीवर एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. कपाळावर दोन टेंगळं, अंगावर पानांचा झगा, तोंडात एक फांदी.

"ये कौन?" ज्युलियसने विचारलं.

"शेन्नोंग. सबसे पहला," लियांगबाई म्हणाल्या. "बहुत पुराना. राजा था. जंगल का सब पत्ता खुद खाके देखा. कौन-सा दवा, कौन-सा जहर. एक दिन में सत्तर जहर खाया."

"मग?"

"चाय पीके ठीक हुआ."

ज्युलियस उठला आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. "फ्लोरा," तो हळूच म्हणाला, "हा तर शेफ आहे. ह्यांचं सगळं वैद्यक चाखण्यातून निघालंय."

लियांगबाईंनी कपाटाचा एक खण ओढून त्याच्या नाकाखाली धरला. आत लोबान होता, सलालाच्या बाजूचा, ओमानच्या प्रत्येक घरात जळतो तसाच. "ये तुम्हारे इधर का. मेरे दादा का दादा का अलमारी में भी यही था. हजार साल से जहाज में जाता." मग त्यांनी ज्युलियसला बसवलं, त्याचा उजवा हात उशीवर ठेवला आणि मनगटावर तीन बोटं टेकली. आधी हलकी, मग दाबून. मग डावा हात. असं वीस मिनिटं चाललं. मग त्यांनी जीभ बाहेर काढायला सांगितली आणि ती अशी न्याहाळली, की फ्लोराला उगाचच लाज वाटली.

"क्या सोचता तुम?"

"काही नाही," ज्युलियस म्हणाला.

"जिना," फ्लोरा म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं. भुईगावला घर बांधायला काढलं होतं. वरच्या मजल्याचा जिना आतून घ्यायचा की बाहेरून, हे ज्युलियस दोन वर्षं ठरवत होता. आतून घेतला तर हॉल लहान होतो. बाहेरून घेतला तर पावसात भिजतो. घरातल्या प्रत्येक टिश्यू पेपरवर जिना होता. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना तो गुडघ्यावर बोटाने पायऱ्या काढायचा.

लियांगबाईंनी मान डोलावली, जणू दोन वर्षांचा जिना त्यांना नाडीतच दिसला होता. त्यांनी एका कागदावर पाच वर्तुळं काढली आणि समजावून सांगितलं. लाकूड, आग, माती, धातू, पाणी. माणसाच्या पोटात प्लीहा म्हणजे माती. विचार तिथे राहतात, आणि तिचं दार म्हणजे तोंड. फार विचार केला की माती घट्ट होते, दार बंद होतं, चव जाते. आता घट्ट माती कोण फोडतं? झाडाचं मूळ. म्हणजे लाकूड. लाकूड म्हणजे यकृत. आणि यकृतात कोण राहतं?

"कोण?" फ्लोराने विचारलं.

"गुस्सा," लियांगबाई म्हणाल्या. "इसको गुस्सा दो. सुबह नौ से ग्यारह. वो टाइम प्लीहा का है. बस, खलास, स्वाद वापस."

"गोळी नाही का काही?" ज्युलियसने आशेने विचारलं.

"गुस्सा ही गोळी." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. तेवीसशे वर्षांपूर्वी चीनमधला एक राजा असाच आजारी पडला. वैद्याने नाडी पाहिली आणि ओळखलं, की याला राग आल्याशिवाय गुण नाही. त्याने राजाला वेळ दिली आणि गेला नाही. तीनदा असं केलं. चौथ्यांदा गेला तो चपलांसकट राजाच्या बिछान्यावर चढला, राजाच्या झग्यावर उभा राहिला आणि वाटेल ते बोलला. राजा संतापून ताडकन उठला आणि तिथल्या तिथे बरा झाला.

"वाहवा," ज्युलियस म्हणाला. "मग वैद्याचं काय झालं?"

"राजा ने उसको कढई में उबाला. जिंदा."

ज्युलियसने दोन्ही हातांनी हवेत एक घेर मोजला. मग त्याने विचारलं, "कढई केवढी होती?"

"इसलिए," लियांगबाई उठत म्हणाल्या, "मैं गुस्सा नहीं करता. घर का आदमी करेगा."

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी फ्लोरा चर्चचे काळे बूट घालून पलंगावर चढली. ज्युलियस चहा पीत होता. ती त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उभी राहिली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "तुमच्यासारखा ठोंब्या माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

ज्युलियसने तिच्या पायांकडे निरखून पाहिलं. "डाव्या बुटाची टाच झिजलीय गं. पडशील. आज मोच्याकडे टाकतो." आणि त्याने तिला हात देऊन खाली उतरवलं.

शुक्रवारी हॉटेलचा स्टोअरकीपर शांताराम घरी आला. तो मालवणचा, ज्युलियसचा अठ्ठावीस वर्षांचा दोस्त, आणि शिव्या द्यायला आपल्याशिवाय कोणी नाही यावर त्याचा विश्वास होता. तो बरोबर नऊला सोफ्यावर बसला आणि सुरू झाला.

"मेल्या, तुका रांधूक येता म्हणून कोणी सांगल्यान? तुमच्या वसईचा इंदियाल म्हणजे व्हिनेगरात बुडालेला डुक्कर. बिचारा पोहूक शिकाक नाय म्हणून मेला."

"असेल," ज्युलियस म्हणाला. "प्रत्येकाची जीभ वेगळी."

"तुझी आत्या रांधायची की भितीक चुनो लावायची?"

"दोन्ही करायची रे. फार कामसू बाई."

दहा वाजेपर्यंत शांतारामचा घसा बसला. ज्युलियसने त्याला आल्याचा काढा करून दिला. काढा पिताना शांतारामच्याच डोळ्यांत पाणी आलं. "ह्या माणसाक राग येना नाय, फ्लोरा," तो म्हणाला, "माकाच येऊक लागलो."

एव्हाना गोष्ट इमारतभर झाली होती. फ्लोराने फ्रिजवर तक्ता लावला: वार, वेळ, नाव. शेजारीपाजारी जिन्यात भेटून आपली वेळ मागून घेऊ लागले. लोक इतक्या उत्साहाने पुढे येतील असं तिला वाटलं नव्हतं. तळमजल्यावरच्या दयानंदने शनिवार घेतला. नाशिकचा हा बँकेतला माणूस तसा भिडस्त. पण त्याने ज्युलियसच्या गाडीपुढे आपली गाडी आडवी लावली, किल्ली खिशात घातली आणि पडद्याआडून बघत बसला. ज्युलियस खाली आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चालत रुवीला गेला. संध्याकाळी त्याने दयानंदच्या दाराची बेल वाजवली. हातात केकचा डबा होता.

"गाडी पुढेमागे करायलाही जमलं नाही म्हणजे तुमचे पाय फारच दुखत असणार," तो म्हणाला. "घरात कोणी आहे ना तुमच्याकडे बघायला?"

दयानंदने त्या रात्री फ्लोराला फोन करून सांगितलं, की यापुढे त्याचं नाव तक्त्यावर घालू नये. केक खाताना त्याला फार अपराधी वाटलं.

रविवारी मुनीरची पाळी होती. त्याला शांतारामने अपमान लिहून दिले होते. सकाळी दहाला, किचनमध्ये, सगळ्यांसमोर त्याने कागद उघडला. "शेफ, आप... आप के हाथ में..." त्याला पुढचं वाचवेना. ज्युलियसने कागद त्याच्या हातातून घेतला, राहिलेले अपमान स्वतःच मोठ्याने वाचून दाखवले, एके ठिकाणी चुकलेली तारीख पेन्सिलीने दुरुस्त केली आणि मुनीरला पाणी दिलं.

किचनमध्ये मात्र लियांगबाईंच्या त्या पाच वर्तुळांनी चांगलंच बस्तान मांडलं होतं. शांताराम स्वतःला आग म्हणवून घेऊ लागला. बँक्वेट मॅनेजर चंद्रहास पुण्याचा, सदैव गळ्यात टाय. त्याला सर्वानुमते धातू ठरवण्यात आलं. भांडी घासणाऱ्यांच्यात पाणी कोण यावरून दोन गट पडले. ज्यांना या वैद्यकाचं नावही ठाऊक नव्हतं ती माणसं आता चहाच्या वेळेला एकमेकांच्या जिभा तपासत होती. चंद्रहासने सूचना लावली, की हे पाहुण्यांच्या दृष्टीआड करावं.

सोमवारही असाच फुकट गेला. मंगळवारी फ्लोराने शेवटचं हत्यार काढलं. तिला ते काढायचं नव्हतं. साडेनऊला ती ज्युलियसच्या समोर बसली.

"अहो, एक सांगायचंय. जिना झालाय."

"कुठला?"

"भुईगावचा. मी ऑगस्टमध्येच कंत्राटदाराला सांगितलं. बाहेरून घेतला. तुम्हाला न विचारता. रेलिंगसुद्धा लागलं."

फ्लोराने डोळे मिटून घेतले.

"बरं झालं," ज्युलियस म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "सुटलो बघ. मला काही ते ठरेना." त्याने चहाचा एक घोट घेतला. मग कप तसाच हातात राहिला. "पण बाहेरून घेतला म्हणजे... वरच्या पायरीवरून कोणी आलं की खालच्या खिडकीत डोकावणार. मग खिडकी तिथे ठेवायची, की..." आणि त्याने टिश्यू पेपर ओढला.

फ्लोरा उठून आत गेली आणि तिने तोंडावर उशी दाबली.

बुधवारी ज्युलियसने स्वतःच ॲप्रन धुतला, इस्त्री केली, घडी घालून पिशवीत ठेवला. फ्लोराने तक्ता फ्रिजवरून उतरवला. तो ॲप्रन पिशवीत ठेवताना त्याचे हात जसे अलगद चालले तसे तिने एकदाच पाहिले होते, त्याच्या आईला शेवटचं लुगडं नेसवताना.

गुरुवारी सकाळी सालिम बिन नासर दहा वाजून पंचवीस मिनिटांनी आले. पांढरी पायघोळ दिशदाशा, हातात वेताची काठी, सत्तरीचे, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांच्या आजोबांचं इब्र्याच्या बाजारात दुकान होतं आणि तिथल्या हिंदुस्थानी मुनीमामुळे सालिमना हिंदी स्वच्छ येत असे. थोरल्या मुलाचं लग्नही ज्युलियसच्याच हातचं जेवून झालं होतं. चंद्रहासने त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, की शेफची तब्येत बरी नाही, मन मोडेल असं काही बोलू नका. सालिमनी छातीवर हात ठेवला होता.

आत ज्युलियस सहा वाजल्यापासून उभा होता. त्याने मटणाचा रस्सा आठवणीवरून केला. काट्यावर तोलून, घड्याळ लावून. थेंब तळहातावर घेतला, जिभेवर ठेवला. गरम. त्याने धुराड्याकडे पाहिलं. मुनीर खोकला. ज्युलियस काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा पातेलं त्या दोन शब्दांवाचून बाहेर गेलं. त्यामागोमाग तो स्वतः गेला, पिशवी घेऊन. आधी चाखणी होऊ द्यायची, मग चंद्रहासच्या हातात पिशवी द्यायची, असं त्याने ठरवलं होतं.

सालिमनी रोटीचा तुकडा रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि क्षणभर थांबले. मग ताकाचा अख्खा पेला प्यायले.

"माशाल्ला," ते म्हणाले.

"कसं आहे?" चंद्रहासने विचारलं.

"वल्ला, काय सांगू!" सालिमनी दुसरा पेला मागवला. "मी इतकी वर्षं तुमच्याकडे जेवतोय. पण असा रस्सा... असा कधीच नव्हता."

चंद्रहासनेही चमचाभर घेतला. त्याचा टाय एकदा वर-खाली झाला. "शेफ," तो म्हणाला, "युअर बेस्ट. तीस वर्षांतला."

दाराशी शांताराम होता. त्याने बोटाने पातेलं पुसून चाटलं आणि भिंतीचा आधार घेतला. "रुमाव," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आजच्यासारखो तुका कधी जमाक नाय."

ज्युलियस पिशवी धरून उभा होता. पहिल्यांदा त्याला वाटलं, पित्त आहे. उजव्या बरगडीखाली काहीतरी गरम झालं, मग ते छातीत आलं, मग मानेवरून कानांत गेलं. असा पाहुणा त्याच्याकडे पूर्वी कधी आलेला नव्हता, त्यामुळे त्याचं काय करायचं हे त्याला कळेना.

"कधीच नव्हता?" त्याने विचारलं.

"कधीच नाही," सालिम प्रेमाने म्हणाले.

"थोरल्याच्या लग्नातही नाही?"

"तेव्हा चांगला होता. पण हा! हा तर..." त्यांनी तिसरा पेला उचलला.

"म्हणजे तीस वर्षं माझी जीभच आडवी येत होती!" ज्युलियस ओरडला.

किचनमधलं एक झाकण खाली पडलं. त्या इमारतीत कोणीही तो आवाज पूर्वी ऐकलेला नव्हता, ज्युलियसनेसुद्धा. तो मराठीत सुरू झाला, मग हिंदीत शिरला, मध्येच सूरच्या कॅम्पातली अरबी आली. "तीस वर्षं मी हातावर थेंब घेतोय! तळहाताला घट्टे पडले! लग्नं, बारशी, तुमच्या थोरल्याची सहाशे पानं, एकेक पातेलं चाखून पाठवलं! आणि आज तोंडात जिभेऐवजी कापसाचा बोळा असताना जे केलं ते सगळ्यात चांगलं? मग माझी गरज काय होती? एक काटा ठेवायचा, एक घड्याळ ठेवायचं! यल्ला, खलास!"

"शेफ, प्लीज..." चंद्रहास कुजबुजला.

"तू बोलू नकोस! तू धातू आहेस!"

शांतारामने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकराला दहा मिनिटं कमी होती. तो हळूच मुनीरला म्हणाला, "टायमात असा."

ज्युलियसने पिशवी फेकून दिली, सालिमसमोरच्या भांड्यातला डाव उचलला, आणि पाहुण्यासमोर, भरल्या टेबलावर, अख्खा डावभर रस्सा तोंडात ओतला. मग तो थांबला. त्याने गिळलं. त्याने धुराड्यासाठी वर पाहिलं; तिथे झुंबर होतं.

"खारट," तो म्हणाला.

सालिमनी ताकाचा पेला खाली ठेवला.

"खारट आहे! समुद्र आहे हा!" त्याने पुन्हा डाव भरला. "तीन माणसांचं मीठ आहे यात. आणि मागून गोड लागतंय. साखर? माझ्या रश्शात साखर कोणी घातली?"

चंद्रहासने टायकडे पाहिलं. "थोडीशीच," तो म्हणाला. "भांड्यात काढताना चाखलं. खारट वाटलं म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. शेफला चव कळत नाही, त्याच्याकडून मीठ राहून गेलं तर, म्हणून मुनीरने अर्ध्याऐवजी पूर्ण मीठ घातलं होतं आणि धास्तीने न चाखताच खोकला होता. ज्युलियसने सवयीने आपलं अर्धं घातलं. शांतारामने, दोघंही घाबरून विसरतील म्हणून, स्टोअरमधून येता-येता एक मूठ टाकली होती.

"आणि तुम्ही!" ज्युलियस सालिमकडे वळला. "तुम्ही मोठी माणसं! तोंडावर खोटं बोललात! तीन पेले ताक प्यायलात आणि म्हणता, असा कधी नव्हता?"

"ते खरं होतं," सालिम अतिशय नम्रपणे म्हणाले. "असा कधीच नव्हता." आणि मग त्यांनी रुमाल तोंडाला लावून डोळे पुसले, हसण्याने की मिठाने, ते कळलं नाही. "रागावू नका. मला वाटलं तुमचं मन मोडेल. थोडं पाणी मिळेल का?"

चंद्रहासचा चेहरा पांढरा झाला होता. जीभ गेलेला शेफ एक वेळ चालेल. पाहुण्यावर ओरडणारा चालत नाही, हे हॉटेलात पहिल्याच दिवशी शिकवतात. पण सालिमनी पाणी पिऊन घड्याळ पाहिलं आणि इब्र्याला फोन केला, की उशीर होईल. "परत करा," ते ज्युलियसला म्हणाले. "मी बसतो. लग्नाचं जेवण तुमच्याकडे द्यायचं की नाही, ते खाऊन सांगेन. या वेळी खरं सांगेन."

ज्युलियस आत गेला. पुढचे दोन तास त्या किचनने जे ऐकलं ते अजून सांगितलं जातं. वेलची जुनी होती, हे त्याला पातेल्यात पडताच कळलं आणि त्याने शांतारामच्या सात पिढ्यांच्या स्टोअरचा उद्धार केला. कांदा एका बाजूने करपला होता. दही कालचं होतं. मुनीर शिव्या खात होता आणि हसत होता, त्याचे डोळे भरून आले होते. शांतारामने बाहेर जाऊन फ्लोराला फोन लावला आणि फोन तसाच किचनच्या दारात धरला. फ्लोराने तो आवाज ऐकला, मग घाईघाईने लियांगबाईंना फोन केला.

"बहुत अच्छा," लियांगबाई म्हणाल्या. "अब गुस्सा बंद करो, नहीं तो यकृत खराब. गुस्सा को दुख काटता. उसको थोड़ा दुख दो."

"राहू दे डॉक्टर," फ्लोरा म्हणाली. "दोन दिवस तरी राहू दे."

एक वाजून दहा मिनिटांनी दुसरा रस्सा तयार झाला. अर्धं मीठ मुनीरने घातलं. ज्युलियसने तळहातावर थेंब घेतला, जिभेवर ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला. मग चिमटीने मीठ घातलं. पुन्हा थेंब घेतला. मुनीरला खोकला आला होता, पण त्याने तो दाबून धरला.

"जाऊ दे," ज्युलियस म्हणाला, आणि स्वतः भांडं घेऊन बाहेर गेला.

सालिमनी रोटीचा तुकडा बुडवला, खाल्ला, डोळे मिटून विचार केला. ताक मागितलं नाही. चंद्रहास खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"खरं सांगू?" सालिम म्हणाले. "फार छान आहे. पण मीठ जरासं कमी वाटतं."

चंद्रहासने डोळे मिटले. ज्युलियसच्या कानाची पाळी लाल झाली. त्याने डाव उचलला, तळहाताच्या खळग्यात एक थेंब सोडला आणि चाखला.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे. तुमचं तोंड अजून सकाळचं खारट आहे."

सालिमनी त्याच्याकडे पाहिलं, पाण्याने चूळ भरली, आणि रोटीचा दुसरा तुकडा मोडून भांड्यात बुडवला. मग तिसरा. चौथ्याला त्यांनी भांडंच जवळ ओढून घेतलं आणि चंद्रहासला खुणेने सांगितलं, की बस, सातशे पानं लिहून घे.